चिलट तुझ्या आधी

हत्सावला फूल येतं तेव्हा त्याला एकही पान नसतं. इथे नेगेवमधे, इस्राएलच्या दक्षिणेच्या वाळवंटात, ऑगस्ट संपत येतो तोपर्यंत चार-पाच महिने आभाळातून थेंब पडलेला नसतो, जमीन भाजलेल्या विटेसारखी झालेली असते, आणि अशा जमिनीतून एक दिवस अचानक कमरेएवढी सरळ काडी वर येते, मग तिच्यावर पांढरी फुलं खालून वर अशी रोज थोडी थोडी उमलत जातात. खाली मातीत कांदा असतो, चांगला मोठा, दोन्ही हातांत धरावा लागेल एवढा. सगळी बेगमी त्याच्यात. आपल्या कोकणातला कोळकांदा ह्याच्याच कुळातला, तोही आधी फुलतो आणि मग पानं काढतो, फक्त तो पावसाच्या आधी फुलतो आणि इथला हत्साव सुद्धा पावसाच्या आधीच, पण इथला पाऊस हिवाळ्यात. दिमोनाच्या आमच्या बस स्टॉपमागे उताराला तीन-चार हत्साव आहेत. ते दिसले की मी मनात म्हणते, एलुल लागला.

एलुल म्हणजे आमच्या वर्षाचा शेवटचा महिना. आमच्या म्हणजे यहुद्यांच्या, आणि मी बेने इस्राएल, अलिबागच्या इस्राएल आळीतली, १९९४ ला इकडे आले, नर्स आहे, गेली बरीच वर्षं डायलिसिस वॉर्डात. एलुल संपला की रोश हशाना, ज्याला आमच्याकडे नव्याचा सण म्हणायचे, मग दहाव्या दिवशी योम किप्पूर, म्हणजे दारफळणीचा सण, दारं लावून घरात बसायचं, पांढरे कपडे, उपास, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी शिला सण. आमच्या पूर्वजांकडे शेकडो वर्षं ना रब्बी ना पुस्तकं, नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या अशी आमची गोष्ट, पोथ्या समुद्रात गेल्या आणि तोंडात राहिली ती फक्त 'श्मा इस्राएल' ही एक ओळ. पण सण टिकले, मराठी नावं घेऊन टिकले. एलुलच्या उपासांना तर जुनी माणसं 'रमजान' म्हणायची, शेजाऱ्यापाजाऱ्यांचा शब्द, आपला करून घेतलेला.

आणि रोश हशाना हा नुसता वर्षाचा पहिला दिवस नाही, आमच्या परंपरेत तो सृष्टीचा वाढदिवस. बारीक बघायचं तर सहा दिवसांतला सहावा, ज्या दिवशी माणूस घडला तो. सृष्टीला सुरुवात झाली ती त्याच्या आधी, एलुलच्या २५ तारखेला. म्हणजे एलुलचे शेवटचे दिवस म्हणजे जग तयार होतंय, उजेड झालाय, पाणी बाजूला झालंय, झाडं आली, सूर्य-चंद्र टांगले गेले, मासे आले, आणि आपण अजून नाही आहोत. मला हे दिवस नेहमी तसेच वाटतात, घरात सगळी तयारी चाललीय आणि पाहुणा अजून यायचाय.

आमच्या आजीला हे फार आवडायचं. लहानपणी एलुलमधे ती मला पहाटे चारला उठवायची, "अगो उठ, सेलिहोथला जायचंय," म्हणून. सेलिहोथ म्हणजे क्षमेच्या प्रार्थना, आमच्यात एलुल लागल्यापासून योम किप्पूरपर्यंत शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा शनिवार, सोडून रोज पहाटे म्हणतात. अलिबागला तेव्हा भाद्रपद असतो, पावसाची सर मधूनच येते, आळीत चिखल, गणपती कधी बसलेले असतात, कधी नुकतेच गेलेले, आणि एलुलच्या दुसऱ्या पंधरवड्यात बाजूच्या वाडीत पितृपक्षाचं पान कावळ्याला ठेवलेलं. दोन्ही पंचांगं चंद्राची आणि दोघांतही अधिक महिना टाकून हिशोब जुळवतात, त्यामुळे बऱ्याच वर्षी घटस्थापना आणि आमचा नव्याचा सण अगदी शेजारी शेजारी येतात, २०२२ ला तर रोश हशाना २५ सप्टेंबरच्या संध्याकाळी लागला आणि २६ ला घटस्थापना. आजीला तारखा कळायच्या नाहीत, ती म्हणायची, सर्वपित्री अवस आली की आपलं नवं वर्ष, नारळ सांगून ठेवा हलव्याला. नव्याच्या सणाला आमच्यात नारळाच्या दुधातला चिकाचा हलवा लागतोच.

तर मागेन आबोथ सिनेगॉगमधे (आजी 'मशीद' म्हणायची, आमच्यातले सगळेच जुने लोक म्हणायचे) हझान, म्हणजे प्रार्थना चालवणारे, हिब्रूत म्हणायचे आणि मधेच थांबून मराठीत समजावून सांगायचे. एकदा त्यांनी ती तालमूदमधली, म्हणजे रब्बींच्या चर्चांच्या जुन्या ग्रंथातली, गोष्ट सांगितली. देवाने माणसाला सगळ्यात शेवटी, शुक्रवारी दिवस मावळता मावळता का केलं? एक कारण असं की माणसाला गर्व चढला तर त्याला सांगता यावं, बाबा रे, सृष्टीत चिलट तुझ्या आधी आलं. आणि त्याच पानावर दुसरं कारण, की राजा जसा आधी घर बांधतो, ते सजवतो, स्वयंपाक करतो आणि मग पाहुण्याला बोलावतो, तसं माणूस आला तो थेट भरल्या ताटावर यावा. एकाच प्रश्नाची दोन उत्तरं, एक खाली बसवणारं आणि एक पाटावर बसवणारं.

आजीने त्यातलं चिलट उचललं. मी वर्गात पहिली आले आणि घरी येऊन जरा जास्तच बोलायला लागले की ती तांदूळ निवडता निवडता वर न बघता म्हणायची, "चिलट तुझ्या आधी गो." बस, एवढंच. मला राग यायचा. आणि सेलिहोथहून येताना गालावर खरंच चिलटं बसायची, पावसाळ्यात कोकणात ती असतातच, तेव्हा ती हाताने हळूच उडवायची आणि म्हणायची, "जाऊंदे, मोठी आहेत आपल्यापेक्षा."

इथे दिमोनात एलुलच्या पहाटेला ढग नसतात. हा मोठा फरक. अलिबागला ह्या महिन्यात मला तारे दिसल्याचं आठवतच नाही, आणि इथे साडेचारला घराबाहेर पडलं की कृत्तिका जवळजवळ डोक्यावर आणि पूर्वेकडे मृग चांगला वर आलेला, त्याचे ते तीन तारे एका रेषेत. आमच्या बायबलमधल्या ईयोबच्या पुस्तकात देव ईयोबला विचारतो ना, मी पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठे होतास, तिथेच पुढे विचारतो की कृत्तिकांचा गुच्छ तू बांधू शकतोस का, मृगाचे दोर सोडू शकतोस का. हिब्रूत कृत्तिकांना 'किमा' म्हणतात आणि मृगाला 'केसील', आणि केसील शब्दाचा दुसरा अर्थ मूर्ख असा आहे. मी पहिल्यांदा इथे आले तेव्हा रस्त्यात थांबून बघत राहिले होते, ईयोबला ज्याच्याबद्दल विचारलं तो हाच, तोच हा तारा, आणि मी हातात स्वेटर घेऊन उभी आहे. खूप बरं वाटलं होतं. लहान वाटण्यात एवढं बरं वाटतं हे मला तोवर माहीत नव्हतं, कारण लहान वाटणं म्हणजे मला तोवर फक्त कुणीतरी ओरडल्यावर वाटायचं ते ठाऊक होतं.

पण मला सांगायचंय ते ताऱ्यांबद्दल नाही. तारे बघून कुणालाही वाटतं. मला सांगायचंय ते किडनीबद्दल.

एक किडनी साधारण आपल्या मुठीएवढी, दीडशे ग्रॅमच्या आसपास. तिच्यात जवळजवळ दहा लाख गाळण्या, नेफ्रॉन म्हणतात त्यांना, प्रत्येकीत केसापेक्षा बारीक रक्तवाहिन्यांचा गुंता. दोन्ही मिळून दिवसाला १८० लिटर पाणी गाळतात. १८० लिटर, म्हणजे घरातला मोठा पिंप भरेल एवढं, आणि त्यातलं ९९ टक्के परत रक्तात घेतात, मीठ किती ठेवायचं, पोटॅशियम किती टाकायचं हे मोजून मापून, आणि बाहेर जातं ते दीड-दोन लिटर. शिवाय ब्लड प्रेशर सांभाळणं, हाडांसाठी व्हिटॅमिन डी कामाला लावणं, नवीन रक्त तयार करा असा निरोप हाडांच्या मगजाला पाठवणं, हे सगळं त्याच मुठीतून. आपण झोपलेले असताना. आपल्याला न विचारता.

आणि ती बंद पडली की त्या जागी आम्ही काय लावतो, तर कपाटाएवढं मशीन. आठवड्यातून तीनदा, चार चार तास, एका वेळेला १२० लिटर शुद्ध केलेलं पाणी लागतं, त्यासाठी वेगळा प्लांट, हजारो पोकळ धाग्यांचं फिल्टर, दोन जाड सुया, एक नर्स, एक डॉक्टर, एक टेक्निशियन. इतकं सगळं करून खऱ्या किडनीच्या कामाचा थोडासाच भाग होतो, आणि हार्मोनचं काम तर होतच नाही, ती इंजेक्शनं वेगळी. मला मशीनला कमी लेखायचं नाही, त्याच्यावर माणसं वीस वीस वर्षं जगलेली मी बघितलीत. आणि त्या मशीनची गोष्ट मोठी आहे. विलेम कोल्फ नावाच्या डच डॉक्टरने १९४३ मधे, नाझींनी देश ताब्यात घेतलेला असताना, कांपेन गावच्या हॉस्पिटलात पहिलं चालणारं डायलिसिस मशीन बनवलं, सॉसेजवर गुंडाळतात तो सेलोफेन एका फिरत्या लाकडी ड्रमवर गुंडाळून. सुरुवातीचे जवळजवळ सगळे पेशंट गेले. एकामागून एक. मग १९४५ मधे ६७ वर्षांची एक बाई बेशुद्धीतून जागी झाली आणि जगली, आणि ती बाई नाझींना साथ दिली म्हणून कैदेत होती. तिला वाचवू नकोस असं सांगणारे असतीलच, त्याने वाचवलं. नवीन नर्सेसना ट्रेनिंग देताना मी हे आवर्जून सांगते.

तनाखमधे, म्हणजे आमच्या बायबलमधे, किडन्या बऱ्याच वेळा येतात. हिब्रूत 'केलायोत'. भाषांतरात तिथे मन, अंतःकरण असले शब्द घालतात म्हणून आपल्याला कळत नाही, पण मूळात किडनीच आहे. यिर्मया संदेष्टा म्हणतो की देव किडन्या आणि हृदय तपासतो. तेहिलीममधे, म्हणजे स्तोत्रांत, दाविद म्हणतो, रात्री माझ्या किडन्या मला शिकवतात. आणि तालमूद म्हणतं की माणसाला दोन किडन्या, एक चांगला सल्ला देते आणि एक वाईट. जुन्या लोकांना नेफ्रॉन माहीत नव्हते पण काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे ठरवणारं काहीतरी आत खोल, पाठीच्या बाजूला, अंधारात बसलेलं आहे हे त्यांना जाणवलं असणार असं मला वाटतं. सेलिहोथमधे एक ओळ रोज येते, 'बोहेन लेवावोत', हृदयं तपासणारा, आणि मी इतकी वर्षं ती म्हणताना मनात किडन्या पण घालते, सवयीने.

आता अशेर यात्सारबद्दल. ही आमची एक छोटी प्रार्थना आहे, संडास-बाथरूमला जाऊन आल्यावर हात धुवून म्हणायची. ऐकणाऱ्याला विचित्र वाटेल पण मला वाटतं ह्याच्याएवढी खरी प्रार्थना दुसरी नसेल. तिच्यात म्हटलंय की देवा, तू माणसाला शहाणपणाने घडवलंस, त्याच्यात छिद्रं केलीस आणि पोकळ्या केल्यास, आणि त्यातलं एक जरी बंद झालं किंवा एक जरी फुटलं तर तुझ्यासमोर उभं राहणं शक्य नाही, आणि शेवटी, तू सगळ्या देहांना बरं करणारा आणि अद्भुत करणारा आहेस. अद्भुत! तालमूदमधे ही आबाये नावाच्या रब्बीच्या नावावर आहे, बाबेलमधला, दीड हजार वर्षांपेक्षा जास्त झाली. आमची आजी वाडीच्या मागून परत आली की तांब्यातलं पाणी हातावर ओतून पुटपुटायची आणि मला लहानपणी वाटायचं ती काहीतरी गुपित मंत्र म्हणतेय. विचारलं तर म्हणाली, "सगळं नीट चालू आहे म्हणून आभार मानते." मी हसले होते बहुतेक. नर्सिंगला गेल्यावर, पहिल्यांदा लघवी बंद झालेला पेशंट बघितला, सुजलेला, दम लागलेला, त्या रात्री होस्टेलच्या बेसिनपाशी मी ती प्रार्थना नीट म्हटली, अर्थ लावून.

२०२२ ची गोष्ट. आमच्या वॉर्डात एक मोरोक्कोचे आजोबा यायचे, सगळे त्यांना सबा म्हणायचे, हिब्रूत सबा म्हणजे आजोबा. सहा वर्षं आठवड्यातून तीनदा. त्यांना लघवी अजिबात व्हायची नाही, बहुतेक जुन्या डायलिसिस पेशंटना होत नाही. मग त्यांना किडनी मिळाली, दुसऱ्या शहरात ऑपरेशन झालं, आणि एलुलच्या पहिल्या आठवड्यात ते आम्हाला भेटायला आले, मास्क लावून, बायकोने केलेल्या कुकीजचा डबा घेऊन. बोलता बोलता म्हणाले, एक मिनिट, आणि कॉरिडॉरच्या टोकाला टॉयलेटला गेले. बाहेर आले, हात धुतले, आणि तिथे कॉरिडॉरमधे, खुर्च्यांवर सोळा पेशंट सुया लावून पडलेले, मशीनचा आवाज, त्या सगळ्यांसमोर त्यांनी मोठ्याने अशेर यात्सार म्हटलं. घाई नाही, एकेक शब्द. छिद्रं छिद्रं, पोकळ्या पोकळ्या. 'मफ्ली लाअसोत' ला, म्हणजे 'अद्भुत करणारा' ला, त्यांचा आवाज गेला. सगळा वॉर्ड आमेन म्हणाला, जे कधीच काही म्हणत नाहीत ते रशियन काका पण म्हणाले, आणि चार नंबरच्या खुर्चीवरच्या बेदुईन अरब काकू हम्दुलिल्लाह म्हणाल्या. मी एका पेशंटचं ब्लड प्रेशर घेत होते, मला आकडा दिसेना.

तिथे त्या सोळा जणांना काय वाटलं असेल, ज्यांना अजून किडनी मिळाली नाही? मला भीती होती. पण कुणाच्या तोंडावर मी हेवा बघितला नाही, खरंच सांगते, तसं काहीच नव्हतं.

आणि त्याच क्षणी मला ती आठवली. बेसिनपाशी उभी होती, ट्रे धुवत, आमची नवीन नर्स, रहात ह्या इथल्या बेदुईन शहरातली मुलगी, वर्षभरापूर्वी लागलेली. ती पण आमेन म्हणाली होती, अरबी ढंगाने, आमीन. आणि मी तिच्याकडे बघू शकले नाही.

झालं होतं ते असं. जूनमधे, शावुओत सणाच्या सुमारास, बारा नंबरच्या आजी, जॉर्जियाहून आलेल्या, त्यांचं डायलिसिस ह्या मुलीने लावलं. प्रत्येक पेशंटचं एक ड्राय वेट ठरलेलं असतं, म्हणजे अंगातलं जास्तीचं पाणी काढल्यावर वजन किती राहिलं पाहिजे ते, आणि मशीन तेवढं पाणी काढतं. नोंदीत ६१.२ होतं, तिने तसं लावलं. आजींचं खरं ड्राय वेट ६३.२. दोन किलो म्हणजे दोन लिटर पाणी जास्तीचं ओढलं जाणार. तिसऱ्या तासाला आजींचं प्रेशर एकदम पडलं, पायात गोळे, पांढऱ्याफटक पडल्या, आम्ही धावलो, पाय वर केले, सलाईन दिलं, दहा-पंधरा मिनिटांत सावरल्या. आणि मग मी, सगळ्या वॉर्डासमोर, त्या मुलीला बोलले. मी काय बोलले ते लिहवत नाही, पण डोळे उघडे ठेवून काम करायला काय होतं, हे त्यातलं सगळ्यात सौम्य वाक्य. तिने मान खाली घातली. काही बोलली नाही.

दुपारी नोंदी बघायला बसले तर ६१.२ हा आकडा आदल्या दिवशी भरलेला. खाली कोड माझा.

मी काय करायला पाहिजे होतं ते मला तेव्हाही माहीत होतं. मी रिपोर्ट भरला, त्यात लिहिलं, 'आमच्याकडून वजनाच्या नोंदीत चूक झाली, दुरुस्त केली आहे.' खोटं काहीच नाही. हिब्रूत 'आम्ही'ला अनाह्नु म्हणतात, त्यात कुणीही मावतं. आणि मी गप्प बसले. जून, जुलै, ऑगस्ट. तिच्याशी नीट वागायला लागले, जरा जास्तच नीट, तिला सुट्ट्या बदलून दिल्या, घरून शेव नेली. माझा हात बसलेला आहे असं सगळे म्हणतात, कठीण फिस्टुलाला, म्हणजे डायलिसिससाठी हातात जोडून केलेल्या रक्तवाहिनीला, सुई लावायची असली की मलाच बोलावतात, आणि तो मान मला हवा होता, तो जाईल ह्याची भीती होती. दुसरं कारण नाही.

सेलिहोथ पण सगळं अनेकवचनात आहे. 'हतानु लेफानेखा', आम्ही तुझ्यासमोर चुकलो. मराठीत तर आपल्याकडे दोन शब्द, आपण आणि आम्ही, आणि देवाशी बोलताना तिथे 'आम्ही'च येणार, कारण देव काही त्या चुकण्यात सामील नाही. जोसेफ एझिकेल राजपुरकर (१८३४-१९०५) म्हणून आमच्यात मोठे विद्वान होऊन गेले, मुंबईच्या डेव्हिड ससून शाळेचे हेडमास्तर, त्यांनी प्रार्थनांची वीसेक पुस्तकं हिब्रूतून मराठीत आणली. त्यांच्यासारख्या माणसांमुळे आजीसारख्यांना आपण काय म्हणतोय ते कळायला लागलं. हे अनेकवचन मला नेहमी मायेचं वाटायचं. एकट्याला लाज वाटू नये म्हणून सगळ्यांनी मिळून म्हणायचं, ज्याने चोरी केली नाही त्याने पण 'आम्ही चोरी केली' म्हणायचं, म्हणजे ज्याने केलीय तो उघडा पडत नाही. किती शहाणपणाची गोष्ट आहे ती. पण त्या एलुलमधे रोज पहाटे 'आम्ही' म्हणताना माझ्या लक्षात यायला लागलं की मी त्या शब्दाच्या आत लपून बसलेय, रिपोर्टमधे लपले तशीच. मिश्नामधे, म्हणजे तालमूदच्या मूळ जुन्या भागात, स्पष्ट लिहिलंय, माणूस आणि देव ह्यांच्यामधल्या चुका योम किप्पूरने फिटतात, पण माणूस आणि माणूस ह्यांच्यामधल्या फिटत नाहीत, जोवर तू त्या माणसाची समजूत काढत नाहीस. देव तिथे मधे पडत नाही.

सबा आले त्या रात्री मला झोप लागली नाही. दाविद म्हणतो तसं, किडन्या शिकवत होत्या बहुतेक. मी रांबाम उघडलं. रांबाम म्हणजे रब्बी मोशे बेन मायमोन, १२०४ मधे वारला, इजिप्तमधे मोठा डॉक्टर होता, दिवसभर पेशंट बघून थकून जायचा आणि तरी एवढं लिहून गेला. त्याने एका पत्रात हिंदुस्थानातल्या यहुद्यांबद्दल लिहिलंय की त्यांना शब्बाथ आणि सुंता सोडून तोरातलं, म्हणजे धर्मशास्त्रातलं, काही माहीत नाही. ते आम्हीच असू कदाचित. लहानपणी हे कळलं तेव्हा मला अपमान वाटला होता, आता वाटत नाही, तेल काढणारी माणसं, शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून गावाने शनवार तेली नाव ठेवलेलं, एक ओळ आणि एक दिवस धरून शेकडो वर्षं राहिली. तर तो रांबाम एका ठिकाणी लिहितो की माणूस देवाची अद्भुत कामं न्याहाळतो तेव्हा आधी त्याला प्रेम वाटतं, खूप जाणून घ्यावंसं वाटतं, आणि मग त्याच गोष्टींचा विचार करता करता तो एकदम मागे सरतो, घाबरतो, कारण त्याला कळतं आपण केवढे छोटे आहोत. आधी प्रेम आणि मग मागे सरणं. मला वाटलं, डॉक्टरच असं लिहू शकतो. मी पण किडनीच्या प्रेमात पडूनच ह्या कामात आले होते. मागे सरायचं राहून गेलं होतं. मला वाटायला लागलं होतं की ती माणसं माझ्या हाताने जगतात.

चिलट तुझ्या आधी गो.

आणि खरं सांगायचं तर त्या रात्री त्या वाक्याने मला लाज नाही वाटली, सुटल्यासारखं वाटलं. मी नसताना सगळं होतं. कृत्तिका होत्या, हत्साव होता, चिलटं होती, सहा दिवस सगळी मांडामांड माझ्याशिवाय झाली आणि मग मला बोलावलं. ज्याला शेवटी बोलावलंय त्याला सगळं बरोबर यायलाच पाहिजे असं कुठे आहे. ज्याचा मान गेला तर जग पडेल असा मी खांब नाहीये, मग चुकले म्हणायला काय जातं? इतके महिने जे तोंडातून निघत नव्हतं ते एवढंसं होतं, मीच त्याला डोंगर करून ठेवलं होतं.

पहाटे सेलिहोथला गेले. आमच्या इथे मराठी चालीवर म्हणणारे थोडेच उरलेत, तरुण मुलं इथल्या मोरोक्कन चाली म्हणतात, छान म्हणतात. 'बेन आदाम, मा लेखा निर्दाम', माणसा, झोपलास काय, उठ. बाहेर पडले तर मृग फिकट होत चालला होता. बसमधे एक सोल्जर मुलगा बॅग घेऊन शिरला, माझ्या पायावर बॅग आली, म्हणाला, "स्लीहा." इथे दिवसातून पन्नास वेळा ऐकू येतो हा शब्द, धक्का लागला की स्लीहा, वाट पाहिजे की स्लीहा. सेलिहोथ त्याचंच अनेकवचन.

सातला शिफ्ट. पेशंट आले, वजनं झाली, मी थांबले सगळे खुर्च्यांवर बसेपर्यंत. मला एका कोपऱ्यात नेऊन सांगता आलं असतं तिला, पण बोलले होते सगळ्यांसमोर. मी वॉर्डाच्या मधे उभी राहिले आणि म्हटलं की जूनमधे बारा नंबरच्या आजींचं प्रेशर पडलं तेव्हा मी हिला सगळ्यांसमोर बोलले, ती चूक हिची नव्हती, आकडा मी चुकीचा भरला होता. मी चुकले. आणि मला त्याच दिवशी कळलं होतं आणि मी सांगितलं नाही. हात थरथरत होते. हिब्रूत अहो-जाहो नसतं, सगळे एकमेकांना तूच म्हणतात, तर मी तिला म्हटलं, तू मला माफ कर, आणि आजी तुम्ही पण, असं मनात 'तुम्ही' म्हणाले.

बारा नंबरच्या आजींना नीट ऐकू आलं नाही, त्यांनी मुलाला फोन लावून विचारलं काय झालं. रशियन काका खिडकीबाहेर बघत होते. मशीनं चालू होती.

ती मुलगी हातात ग्लोव्ह्ज घालत होती, एक घातला होता, एक अर्धा. म्हणाली, "मला माहीत होतं."

मी म्हटलं, कधीपासून?

"त्याच दिवशी. तुझ्या आधी मी नोंद उघडून बघितली होती. खाली तुझा कोड होता."

तीन महिने. तिने कुणाला सांगितलं नाही, सुपरवायझरला नाही, घरी सांगितलं असेल तर माहीत नाही. शेव खाल्ली, थँक्यू म्हणाली. मी विचारलं, मग बोलली का नाहीस, तर खांदे उडवले आणि म्हणाली, "तू सांगशील असं वाटत होतं. वेळ लागला." राग होता आवाजात, होता थोडा, असायलाच पाहिजे होता. माफ केलं असं ती म्हणाली नाही, मी परत विचारलं नाही.

मग तिने दुसरा ग्लोव्ह नीट ओढून घेतला आणि बारा नंबरकडे बघितलं. आजींचा फिस्टुला कठीण आहे, खोल आणि वाकडा, तिथे नेहमी मीच लावते. हिब्रूत नर्सला 'अहोत' म्हणतात, म्हणजे बहीणच. ती म्हणाली, "अहोत, सुई तू लावतेस की मी लावू?"

मी म्हटलं, तू लाव. आणि मी ट्रे धरला.